गाडी दमानं घ्या

दिलावरभाईंनी रुग्णवाहिकेचं मागचं दार उघडलं, आतला बाक फडक्याने पुसला आणि विचारलं, "सोबत कोण बसणार?"

दवाखान्याच्या मागच्या आवारात आम्ही सात-आठ जण उभे होतो. सगळे एकाच वर्गातले, मालवाहतूक आणि पुरवठा व्यवस्थापन या विषयात एमबीए करणारे, दुसऱ्या वर्षाचे. सकाळपासून प्रत्येकाने काही ना काही काम अंगावर घेतलं होतं, कारण हाताला काम नसतं तर आम्ही काय केलं असतं कोण जाणे. कुणी शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर थांबलं होतं, कुणी बर्फाची सोय केली होती. पराग शेटे पोलीस चौकीत पंचनाम्याच्या कागदांमागे होता, आणि कागद आमच्याकडे पाठवून तो तिथूनच परस्पर होस्टेलवर जाणार होता. रस्ता मी ठरवला होता. सासवड, जेजुरी, नीरा, फलटण, दहिवडी, म्हसवड, मग आटपाडी ओलांडून जत तालुक्यातली एक वस्ती. रस्ता अरुंद, पण अंतर सगळ्यात कमी. आमच्या हातून इतकं बिनचूक काम त्याआधी कधीच झालं नव्हतं, आणि पोचवायचं कुणाला, तर आमच्याच सिद्धनाथ हिप्परकरला.

आदल्या संध्याकाळी चाकणकडून प्रोजेक्टचं काम आटपून मोटारसायकलवर येताना त्याला ट्रकची धडक बसली. पहाटे तो गेला. त्याचे वडील रात्रीच्या एसटीने निघाले होते, ते पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. आबासाहेब गुरुजी, प्राथमिक शाळेतले शिक्षक. अंगात पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत सिद्धूसाठी आणलेलं पांघरूण होतं. त्यांना फोनवर पाय मोडल्याचं सांगितलं होतं. ते भिंतीपाशी उकिडवे बसले होते आणि आमच्या धावपळीकडे बघत होते, शाळेत मुलांची कवायत बघावी तसे.

दिलावरभाईंचा प्रश्न त्यांनी ऐकला. उठून माझ्याजवळ आले.

"तू केतकी ना?"

मी मान हलवली.

"सुटीत आला की तुझं नाव निघायचं घरात. तू चल, पोरी. घरात दुसरं बाईमाणूस न्हाई. त्याच्या आईजवळ कुणीतरी पाहिजे."

मी होस्टेलवर जाऊन कपडेसुद्धा आणले नाहीत, तशीच गाडीत चढले.

सिद्धूबद्दल थोडं सांगायला हवं. पहिल्या वर्षी आमच्या मेसमध्ये जेवणाची रांग जिन्यापर्यंत जायची. सगळे नावं ठेवायचे आणि उभे राहायचे. हा पठ्ठ्या दोन दिवस कोपऱ्यात बसून नुसता बघत राहिला, मग मेसच्या मावशींना जाऊन म्हणाला, पोळ्यांचा डबा आधी ठेवताय तो शेवटी ठेवा, आणि ताटं दाराजवळ न्या. मावशींनी त्याला हाकलून दिलं. तिसऱ्या दिवशी डबा हलला आणि रांग निम्म्यावर आली. तेव्हापासून मावशी त्याला 'साहेब' म्हणायच्या आणि आम्हीही. इंग्रजीत बोलायला उभं राहिलं की मात्र साहेबांची बोबडी वळायची. ते मी सांभाळायचे, आणि माझी गणितं तो सांभाळायचा. मला तो आवडायचा. हे मी त्याला सांगितलं नव्हतं, परीक्षा झाल्यावर सांगायचं ठरवलं होतं.

त्याच्या घरी डाळिंबाची बाग होती. प्रोजेक्टसाठी त्याने विषयही तोच घेतला होता. बागेतून निघालेलं फळ बाजारापर्यंत जाताना वाटेत किती खराब होतं आणि का. "डाळिंबाचं एक असतं बघ," तो मला सांगायचा, "हिसका बसला तरी वरून काही दिसत नाही. साल तशीच लाल. फोडल्यावर कळतं, आत दाणे काळे पडलेले असतात." हे सांगताना तो हाताने खड्ड्यातून जाणारी गाडी करून दाखवायचा.

गाडी दिवे घाट चढून सासवडला लागली. मागे एका बाजूच्या बाकावर मी आणि गुरुजी, मधे स्ट्रेचरवर सिद्धू. गुरुजींनी पिशवीतलं पांघरूण काढून पांढऱ्या कापडावरून त्याच्या अंगावर घातलं होतं आणि एक हात त्यावर ठेवला होता. मग त्यांनी पुढच्या खिडकीच्या काचेवर टकटक केली.

"दिलावरभाई, गाडी दमानं घ्या."

दिलावरभाईंनी वेग कमी केला. मला वाटलं, सिद्धूला हिसके बसतायत म्हणून म्हणाले असतील. जेजुरीच्या पुढे त्यांनी पुन्हा टकटक केली, आणि नीरेला चहासाठी गाडी थांबवायला सांगितली. चहा त्यांनी घेतलाच नाही. पेला हातात तसाच धरून ते मला म्हणाले, "तिला ठाऊक न्हाई."

"कुणाला?"

"सिद्धूच्या आईला. निघताना सांगून आलोय, पाय मोडलाय, घेऊन येतो. हितं आल्यावर कळलं तरी फोन केला न्हाई. म्हसवडच्या पुढं गेल्यावर चुलतभावाला कळवणार हाय, लाकडंबिकडं बघावी लागतील. पण वस्तीवर पाऊल टाकायचं न्हाई म्हणून त्याला ताकीद देणार. तिला मीच सांगणार. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिच्या कानावर जाता कामा नये."

"पण गुरुजी, गाडी हळू कशाला?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "आत्ता ती काय करत आसंल? भाकरी खाऊन बागेत एक चक्कर मारली आसंल. म्हशीला पाणी दाखवलं आसंल. पोरगा येणार म्हणून कायतरी करायच्या नादात आसंल. आपण पोचलो की ते संपलं, पोरी. मग जलमभर हेच हाय. दिवस बुडायच्या आत पोचलो म्हणजे झालं. तवर तिचा हा एवढा दिवस मला तिला द्यायचाय. दुसरं काय हाय माझ्याकडं द्यायला?"

मला रडू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच. दीड वर्ष आम्ही वेळ कसा वाचवायचा हेच शिकत होतो. गोदामात माल किती वेळ पडून राहतो, गाडी किती वेळ नुसती उभी राहते, हे शोधायचं आणि कापायचं. थांबणं म्हणजे नुकसान, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की बसथांब्यावर उभं राहिलं तरी आमची चिडचिड व्हायची. आणि हे गृहस्थ गाडी थांबवून बायकोला दिवस पुरवत होते.

त्यांनी खिशातून मोबाइल काढून घरी फोन लावला. मी शेजारीच उभी होते.

"हां. मी बोलतोय. निघालोय... व्हय, सोडलं डॉक्टरनी... न्हाई, आता दुखत न्हाई त्याला. मागं झोपवलाय. झोपलाय... आता कसा बोलंल तो, झोपलाय म्हणलं न्हवं?... बरं. ठेवतो."

फोन खिशात टाकून ते गाडीत जाऊन बसले आणि पांघरूण सारखं करत राहिले.

फलटण मागे पडलं आणि माझा फोन वाजला. पराग होता. एकदम नीट, कामाच्या आवाजात बोलत होता. आम्ही सगळेच त्या दिवशी तसं बोलत होतो.

"केतकी, इकडचं सगळं झालं. कॉलेजच्या फॉर्मवर सिद्धूच्या घरचा नंबर होता. मी कळवून टाकलं, गाडी चारपर्यंत पोचेल म्हणून."

आमच्या सोवनी मॅडम पहिल्या तासापासून एक गोष्ट बजावत आल्या होत्या. गाडी निघाली की घेणाऱ्याला कळवायचं. माल पोचायच्या आधी बातमी पोचली पाहिजे. बातमी न जाता गाडी दारात उभी राहिली तर तुम्ही नापास. आम्हा चाळीस जणांपैकी कुणीही परागच्या जागी असता तर त्याने तेच केलं असतं. तो बिचारा चौकीतून परस्पर गेला होता. गुरुजींच्या मनात काय आहे हे मलाच तासाभरापूर्वी कळलं होतं.

गुरुजी समोर बघत होते. मी काचेकडे तोंड करून हळू आवाजात विचारलं, "फोन कुणी उचलला?"

"कुणी शेजारीण होती. घरात कुणी नाही म्हणाली. निरोप देते म्हणाली. का गं?"

"काही नाही. आता कुणालाच फोन करू नकोस. नक्की शेजारीण होती ना?"

"तसंच म्हणाली ती. आवाज शांत होता अगदी."

पुढचा रस्ता मला आठवतो तो त्या शेजारणीसकट. ती कशी दिसत असेल, तोंडाची कशी असेल, ती आता उठून बागेत गेली असेल का. सांगितलंच असेल तिने, अशी बातमी कोण पोटात ठेवतं? मग मी मनाशी म्हणायचे, नसेल सांगितलं, अशी बातमी आपल्या तोंडाने सांगायला कुणाला आवडतं? गुरुजींना सांगावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. एकदा ते म्हणाले, "तहान लागली का?" आणि पाण्याची बाटली पुढे केली. दुसऱ्यांदा ते आपणहून बोलायला लागले. लग्न झालं तेव्हा शेवंताला, म्हणजे सिद्धूच्या आईला, अक्षरओळख नव्हती. त्यांनी शिकवली. ती आता पेपर वाचते आणि मास्तरांच्याच चुका काढते. हे सांगताना ते थोडं हसलेसुद्धा. त्या हसण्यावर मी काय सांगणार होते?

दहिवडीच्या अलीकडे मी काचेवर वाकून दिलावरभाईंना म्हटलं, "जरा लवकर पोचता येईल का?"

त्यांनी आरशातून आधी माझ्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. "ताई, आज गुरुजी म्हणतील तशी गाडी चालणार."

म्हसवडला माणगंगेच्या काठाशी गुरुजींनी गाडी थांबवली. नदीच्या पात्रात पाणी नव्हतंच, नुसती वाळू आणि बाभळी. लांबून सिद्धनाथाच्या देवळाचं शिखर दिसत होतं. "हितल्या देवाचं नाव ठेवलं त्याचं," ते म्हणाले. "लग्नाला बारा वर्षं झाली तरी मूल न्हवतं. जावळ हितंच काढलं. आता सुतक हाय, आत जाता यायचं न्हाई." त्यांनी रस्त्यावरूनच हात जोडले. मग जरा बाजूला जाऊन त्यांनी पुन्हा घरी फोन लावला.

मी गाडीजवळ उभी राहिले. त्यांचा चेहरा बदलतो का, एवढंच बघत होते.

"म्हसवडात हाय... व्हय, झोपलाय अजून... न्हाई, जेवला न्हाई. आता घरीच जेवंल." एवढं बोलून ते ऐकत राहिले. पलीकडून काहीतरी बराच वेळ चाललं होतं. "बरं. बरं," ते म्हणाले आणि फोन बंद करून माझ्याकडे आले. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहऱ्यावर काहीतरी सुटल्यासारखं होतं.

"काय म्हणाली ठाऊक हाय का? म्हणाली, सावकाश आणा. रस्ता खराब हाय, हिसके बसू देऊ नका त्याला. घाई करू नका, मी हाय निवांत."

मी गाडीच्या दाराला टेकले. शेजारणीने सांगितलं नव्हतं. त्या न पाहिलेल्या बाईला मी मनातल्या मनात हात जोडले आणि त्यानंतर एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

तिथून पुढे गाडी खरंच बैलगाडीच्या चालीने गेली. आटपाडीच्या पुढे माळ सुरू झाला. ऊन तांबूस व्हायला लागलं होतं. फाट्यावर गुरुजींचा चुलतभाऊ आणि चार माणसं उभी होती. त्यांनी नुसते हात जोडले आणि गाडीच्या मागून चालायला लागली, बरंच अंतर ठेवून.

सिद्धूची आई अंगणात बसली होती. पुढ्यात सूप, सुपात ज्वारी, बाजूला निवडलेल्या दाण्यांचं पातेलं. नऊवारीचा पदर डोक्यावर होता. गाडी अंगणाच्या तोंडाशी थांबली तेव्हा तिने मान वर करून पाहिलं आणि हातातले खडे बाजूला टाकले. डोळे लाल वाटले मला, पण शेजारी चुलीवर काहीतरी रटरटत होतं आणि ओली लाकडं धुरत होती.

गुरुजी उतरले. तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. मग ते खाली बसले, तिच्या पुढ्यातलं सूप उचलून त्यांनी बाजूला ठेवलं आणि तिचे दोन्ही हात धरले.

"सिद्धू गेला गं," ते म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "पाय मोडला म्हणाला हुता न्हवं?"

"ते खोटं हुतं."

"झोपलाय म्हणाला."

"ते बी खोटं."

मग ती रडली. मी धावत जाऊन तिला धरलं, त्यासाठीच मला आणलं होतं. मी तोपर्यंत कुणाचं असं रडणं ऐकलं नव्हतं. ते एकदम फुटलं आणि कितीतरी वेळ थांबेचना, आणि गुरुजी तिच्या पाठीवरून हात फिरवत एकच वाक्य म्हणत राहिले, "तुला आधी कळू दिलं न्हाई मी. तुला आधी कळू दिलं न्हाई."

दिवस बुडताना बागेच्या बांधावर सिद्धूला अग्नी दिला. सावडणं होईपर्यंत मी तिथेच राहिले. घर बायकामाणसांनी भरून गेलं होतं, आजूबाजूच्या गावांतून बैठकीला येणाऱ्यांची रीघ लागली होती. प्रत्येक बाईकडे मी बघायचे आणि मनात म्हणायचे, ही असेल का? मला त्या शेजारणीला भेटायचं होतं. तिने एका दुपारपुरतं तोंड बंद ठेवलं म्हणून गुरुजींचा शब्द राहिला होता, आणि हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तिला निदान तसं सांगावं, एवढंच माझ्या मनात होतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली, माणसं पांगली. मी हंडा घेऊन विहिरीवर गेले. विहीर जरा उंचावर होती, तिथून चारी बाजू दिसायच्या. मी सहज म्हणून शेजारचं घर शोधायला लागले. एका बाजूला डाळिंबाची बाग, दुसऱ्या बाजूला मोकळं रान, त्यापलीकडे नजर पोचेल तिथवर माळ. लांब कुठेतरी एक पवनचक्की. घर असं एकही नव्हतं.

मी हंडा तसाच खाली ठेवला.

शेवंताकाकू मागून दुसरी घागर घेऊन येत होत्या. मी कुठे बघतेय ते त्यांनी पाहिलं आणि त्या विहिरीच्या काठावर बसल्या.

"काकू," मी म्हटलं, "इथे शेजारी कोण राहतं?"

"कुणी न्हाई." त्यांनी घागर खाली ठेवली. "तो फोन म्याच घेतला हुता."

मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"कुणाचा पोरगा हुता गं तो? चांगला बोलला. गाडी चारपत्तूर यील म्हणाला, घरात कुणीतरी ऱ्हावा. म्या म्हणलं, कसली गाडी? तवा सांगितलं त्यानं. मग इचारलं, आपण सिद्धनाथच्या कोण?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आई हाय म्हणलं आसतं तर त्या लेकराला काय वाटलं आसतं? त्येच्या बी घरी आई आसंल. म्हणून म्हणलं, शेजारीण हाय."

"आणि त्यानंतर गुरुजींचा फोन आला. म्हसवडहून."

"आला की."

"तुम्ही म्हणालात सावकाश आणा."

"मग काय म्हणायचं हुतं? त्यो माणूस एवढ्या लांबनं एकट्यानं ते वझं वागवत आणत हुता. माझ्यासाठी. मला आदीच ठावं हाय म्हणलं आसतं, तर वाटंतच मोडला आसता. आन मागं माझा लेक." त्या घागरीच्या काठावर बोट फिरवत राहिल्या. "ह्यास्नी सांगू नगंस. कवाच सांगू नगंस. त्येंच्या हातात तेवढंच ऱ्हायलंय."

मी सांगितलं नाही. परीक्षा दिली, पदवी मिळाली, औषधं पोचवणाऱ्या एका कंपनीत काही वर्षं काढली आणि आता त्याच विषयाचा वर्ग घेते. गाडी निघाली की घेणाऱ्याला कळवायचं, हे मीही शिकवते. ते शिकवावंच लागतं. पराग आता परदेशात एका बंदरावर मोठ्या हुद्द्यावर आहे. शेजारणीने निरोप दिलाच नाही एवढंच मी त्याला सांगितलंय; फोनवर सिद्धूचा विषय निघाला की कधी म्हणतो, त्या शेजारणीने बरं केलं, नाहीतर माझ्या हातून काय होऊन बसलं असतं. मी हो म्हणते.

दर वर्षी सिद्धूच्या तिथीला मी वस्तीवर जायचे. गुरुजी निवृत्त झाले, थकले, पण दरवेळी जो कुणी पाहुणा बसलेला असेल त्याला ते तेच सांगायचे. "हिला मी दिवस बुडेपत्तूर कळू दिलं न्हाई. सासवडपास्नं गाडी दमानं आणली. ही केतकी साक्षीला हाय. तेवढी एक दुपार तिची निवांत गेली." हे सांगताना त्यांची पाठ ताठ व्हायची. पाहुणे मान हलवायचे. काकू चहाच्या कपबश्या मांडत म्हणायच्या, "व्हय. मला काय ठावं? मी आपली जोंधळं निवडत बसले हुते." आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातात कप द्यायच्या.

गेल्या वर्षी गुरुजी गेले. दुखणं असं नव्हतं, झोपेतच गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. दहाव्याची माणसं परतल्यावर अंगणात आम्ही दोघीच उरलो. काकूंनी सूप काढलं, त्यात ज्वारी घेतली आणि माझ्या पुढ्यात अर्धी सारली. बराच वेळ आम्ही खडे वेचत होतो. इतकी वर्षं जे विचारायचं राहिलं होतं ते मी विचारलं.

"काकू, त्या दिवशी फोन ठेवल्यापासून गाडी येईपर्यंत तुम्ही काय केलंत?"

त्यांचा हात सुपात थांबला नाही.

"काय करणार? चूल पेटवली. ओली लाकडं घातली, धूर व्हावा म्हणून. हितंच बसले. ह्यास्नी मी कामात दिसाया पायजे हुते. जोंधळं निवडून झालं, गाडी काय यीना. मग खडं परत सुपात टाकलं, कालवलं, परत निवडलं. परत टाकलं." त्यांनी एक खडा चिमटीत धरून उन्हाकडे पाहिला आणि बाजूला ठेवला. "म्याच सांगितलं हुतं न्हवं, सावकाश आणा म्हणून. लई दमानं आली बघ गाडी."